परीक्षेची फी भरली आहे

कॉलेज बंद पडलं की मुलगे सिनेमाला जायचे आणि मुलींना बघायला पाहुणे यायचे. माझ्या शिक्षणाच्या काळाबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढचं ऐकायला फारसं कुणी थांबत नाही.

१९७३ साली मॅट्रिक झाले. मग पी.यू.सी., मग बी.एस्सी., मग एम.एस्सी. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला ही सालं सांगितली की तो मान हलवतो. चौऱ्याहत्तरला मराठवाडा विकास आंदोलन, पंचाहत्तर ते सत्त्याहत्तर आणीबाणी, अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आणि त्यानंतरची जाळपोळ. पुढे नोकरीचा सगळा काळ तालुक्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. चौऱ्याण्णवला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, ते दिवस तिथेच पाहिले. त्यामुळे कॉलेजच्या फाटकाला कुलूप लागल्यावर बाहेर उभं राहणं काय असतं तेही मला ठाऊक आहे आणि किल्ली ज्यांच्या हातात असते त्यांच्यात बसणंही.

आमचं गाव वसमतजवळ. वडील, म्हणजे दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. मी मॅट्रिकला होते तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जायची, लेकरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. शेतात काही नव्हतं, पण दादांचा पगार होता. त्या पगारावर मी परभणीला मामाकडे राहून पी.यू.सी.ला गेले. गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. हे काही अभिमानाने सांगत नाही. पहिली असण्यात त्रास असा की तुमच्याबाबत जे काही घडेल त्यावर मागच्या सगळ्यांचा निकाल लागतो.

परभणीला तेव्हा कृषी विद्यापीठ नवं नवं होतं, १९७२ चं. तिथल्या नोकऱ्या आपल्या भागातल्या पोरांना मिळत नाहीत, ही तक्रार चहाच्या टपरीपासून आमच्या वर्गापर्यंत सगळीकडे चालायची. ती वाढत गेली. नोकऱ्या, पाणी, कारखाने, रुंद रूळ. मनमाडहून काचीगुड्याला जाणारी आमची छोटी लाईन निजामाच्या काळातली होती. चौऱ्याहत्तरला वसमतला गोळीबार झाला, त्यात विद्यार्थी मारले गेले आणि सगळा मराठवाडा पेटला. वसमत माझ्यासाठी बाजाराचं गाव. तिथल्या ज्या रस्त्यावरून आम्ही गुळाची भेली आणायचो, त्याचं नाव आता वर्तमानपत्रात येत होतं.

आंदोलनाच्या मागण्या मला पटत होत्या, आजही पटतात. रुंद रूळ यायला पुढे नव्वदचं दशक उजाडावं लागलं, यावरून पोरं चुकीचं ओरडत नव्हती हे उघड आहे. पण वर्ग बंद झाले आणि मामाने मला एस.टी.त बसवून दिलं. माझ्या पिशवीत तीन पुस्तकं होती आणि प्रॅक्टिकलचं जर्नल.

घरी पोचले त्या आठवड्यातच आजीचं सुरू झालं. "कॉलिज बंद हाय, तर पोरगी घरी कामून बसवायची? उरकून टाका." तिच्या दृष्टीने ते अगदी सरळ होतं. शिकत होती तोवर थांबलो. आता शिकणं थांबलं, तर पुढचं काम हाती घ्यायचं. पाहुणे आले. मुलगा एस.टी.त कारकून. माणसं भली होती, हुंडाही फार मागत नव्हती. ही भली माणसंच अवघड असतात. नालायक स्थळ नाकारायला घरात सगळे एकत्र येतात.

दादा काही सुधारक नव्हते. मुलींच्या शिक्षणावर त्यांनी कधी भाषण केलं नाही. पाहुण्यांनी तारखेचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेची फी भरली आहे." पाहुणे म्हणाले, परीक्षाच होणार नाही म्हणतात. दादा म्हणाले, होईल तेव्हा होईल, पैसे गेलेत. दुष्काळ नुकताच सरलेला. भरलेले पैसे वाया घालवू नयेत, हे आजीसकट घरातल्या प्रत्येकाला पटलं. मुलीला पुढे शिकू द्यावं हे त्या बैठकीत मांडलं असतं तर एकालाही पटलं नसतं. परीक्षा लांबली, पण झाली. मी दिली, आणि तोवर पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं होतं.

आमच्या पी.यू.सी.च्या वर्गात मुली तशा थोड्याच. बंद उठल्यावर त्यातल्या निम्म्याही परतल्या नाहीत. मुलगे मात्र जवळजवळ सगळे आले, केस वाढवून. त्यांच्यासाठी ती सुट्टी होती, काहींसाठी शौर्याची आठवण होती आणि एखाद्यासाठी पुढच्या राजकारणाची पहिली पायरी. न परतलेल्यांमधली एक मला बऱ्याच वर्षांनी हिंगोलीच्या स्टँडवर भेटली. कडेवर नातू होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "जास्वंदीची फॅमिली अजून माल्व्हेसीच आहे ना गं?" आहे म्हटलं. तेवढ्यात तिची गाडी लागली.

मराठवाड्याच्या हक्कासाठी झालेल्या त्या आंदोलनात मराठवाड्यातल्या या मुलींचा हिशेब कुणी धरला नाही. धरायला हवा होता, असं म्हणण्याने आंदोलनाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. काही जुन्या कार्यकर्त्यांना मात्र वाटतं. त्यांच्याशी माझे वाद झाले आहेत.

बी.एस्सी.साठी औरंगाबादला आले आणि वर्षभरात आणीबाणी लागली. यावर लिहिताना थोडी अडचण होते, कारण जे आठवतं ते सांगायला बरं वाटत नाही. माझा सगळ्यात चांगला अभ्यास आणीबाणीत झाला. तास वेळेवर, परीक्षा वेळेवर, निकाल वेळेवर. मोर्चे नाहीत, घेराव नाहीत. आता शहरात धोका नाही म्हणून गावाकडचे पालक मुलींना पाठवायला धजावले. आमच्या वसतिगृहात खोल्या पुरेनात. याच काळात आम्हाला शिकवणारे एक प्राध्यापक एके सकाळी आले नाहीत. मिसा कायद्याखाली आत गेले होते. त्यांचा पेपर दुसऱ्या सरांनी घेतला, ते पुस्तक उघडून वाचून दाखवायचे. वर्गात कुणी विचारलं नाही की आधीचे सर कुठे आहेत. मीही विचारलं नाही. त्यांच्या विषयात मला छप्पन्न पडले, बाकी सगळीकडे साठच्या वर.

शांतता असली की अभ्यास होतो, हे खरं आहे. ती शांतता कुणी कशी केली, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या टेबलावर आपोआप येत नाही, हेही खरं आहे. आजही कॉलेजमधल्या 'शिस्ती'चं कौतुक ऐकलं की मला ते छप्पन्न मार्क आठवतात.

सत्त्याहत्तरला विद्यापीठात एम.एस्सी.ला गेले. विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी, वर लेणी, खाली एका अंगाला बीबी का मकबरा, शेजारी नागसेनवन, म्हणजे बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजचा परिसर. आमच्या विषयाची मजा अशी की झाड ओळखायला आम्ही कुकची फ्लोरा उघडायचो, आणि ती मुंबई इलाख्याची. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती लिहिली गेली तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमचा मुलूख तिच्यात नाहीच. झाडं बिचारी दोन्हीकडे सारखीच उगवत होती म्हणून चालून जायचं. विकास आंदोलनाच्या भाषणांत मागासलेपणाची बरीच उदाहरणं असायची, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला मी बुरशीचा विषय घेतला. संकरित ज्वारी तेव्हा शेतकऱ्यांनी नुकती अंगवळणी पाडून घेतली होती. ती लवकर यायची, आणि लवकर यायची म्हणूनच पावसात सापडायची. कणीस काळं पडायचं. त्या काळ्या दाण्यांवर कोणकोणत्या बुरश्या वाढतात ते बघायचं, असं माझं छोटंसं काम. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारच्या नळ्यांमध्ये बुरश्या वाढवायच्या आणि जुन्या होण्याआधी नव्या नळीत न्यायच्या. न्यायला उशीर झाला की त्यात नको ते शिरतं, किडे होतात, काम बुडतं. म्हणजे हा विषय असा की त्याला बंद चालत नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. सत्र सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एक-दोन दिवसांत एस.टी. बंद, टपाल बंद, शहरात दगडफेक. पण शहरातलं काहीच नव्हतं. खेड्यापाड्यांतून बातम्या येऊ लागल्या: वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना क्रूरपणे मारलं. विधिमंडळात झालेल्या एका ठरावाची किंमत, ज्यांनी विद्यापीठाची इमारतही कधी पाहिली नव्हती अशी माणसं भरत होती.

मी शहरातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते. माझ्या खोलीत इतिहासाला एम.ए. करणारी एक मुलगी होती. नांदेडकडची, महारवाड्यातली. आता बौद्ध म्हणायचं हे ती आम्हाला शांतपणे आणि न चुकता सांगायची. आम्हा दोघींचं जमण्याचं कारण अगदी साधं होतं: दोघींनाही पहाटे उठून वाचायची सवय होती, आणि कंदील एकीचा, रॉकेल दुसरीचं. वसतिगृहाचे दिवे दहाला जायचे.

चार दिवसांनी वसतिगृहाच्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मेस बंद होणार, दूधवाला येत नाही, संस्थेवर जबाबदारी नको, तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी घरी जावं. "शक्य आहे त्यांनी" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण खोल्यांना कुलपं सगळ्याच लागणार होती. मला घ्यायला दादा दोन गाड्या बदलून, काही अंतर चालत आले. माझ्या खोलीतल्या मुलीला घ्यायला कुणी येणं शक्य नव्हतं. तिचं घर आहे की नाही हेच तिला माहीत नव्हतं. दादांनी तिला विचारलं, "पोरी, तू कशी जाशील?" ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या गावचा रस्ता आणि माझ्या गावचा रस्ता आता एकच आहे. मी शहरातच बरी." दादा काही बोलले नाहीत. आमच्या गावात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते ते पाहून आले होते.

ती नागसेनवनाच्या बाजूला ओळखीच्या एका कुटुंबाकडे गेली. तिथे आधीच खेड्यांवरून आलेली माणसं होती. मी घरी गेले. पुन्हा तोच प्रश्न, कॉलेज बंद आहे तर... आजी आता नव्हती, तिची जागा काकूने घेतली होती. पण आता माझ्या हाताशी चौऱ्याहत्तरचा अनुभव होता. मी एस.टी. सुरू होताच परत जायचं कारण तयार ठेवलं होतं: बुरशी मरेल. काकूला हे अजिबात कळलं नाही, आणि म्हणून तिला त्याला उत्तरही देता आलं नाही.

परत आले तेव्हा विभाग नावाला उघडा होता. माझ्या नळ्या मेल्या असतील असं धरूनच गेले. फळीवर नव्या नळ्या रांगेने लावलेल्या. प्रयोगशाळेतले अटेंडंट, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, रोज डोंगराच्या कडेने चालत येऊन बर्नर पेटवून त्या बदलत होते. इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी प्रत्येक नळीवर कागद चिकटवून पेन्सिलीने लिहिलं होतं: गुलाबी, काळी, काळी बारीक, हिरवी खराब. फ्युजेरियम गुलाबी, कर्व्हुलारिया काळी. सगळं बरोबर होतं. 'हिरवी खराब' म्हणजे बाहेरून शिरलेली, तीही त्यांनी टाकली नव्हती. टाकायची की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, असं म्हणाले. मामांचं घर भावसिंगपुऱ्याकडे. तिथे त्या दिवसांत काय परिस्थिती होती हे मी विचारलं तर म्हणाले, "चाललंय. तुम्ही नळ्या मोजून घ्या."

त्या सत्रात तास असे फारसे झालेच नाहीत. झाले तेव्हा अर्धा वर्ग असायचा. मी अलेक्सोपोलसचं बुरशीवरचं इंग्रजी पुस्तक एकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तोपर्यंत मला वाटायचं की शिक्षकाने समजावून दिलेलं आठवायला पुस्तक असतं. एका परिच्छेदाला एक संध्याकाळ लागायची. न कळलेलं वाक्य वहीच्या डाव्या पानावर उतरवायचं, आणि पुढे कुठेतरी त्याचा उलगडा झाला की उजव्या पानावर. डावी पानं भरत जायची, उजवी कोरी. मग कधीतरी अचानक एका रात्रीत पाच-सहा उजवी पानं भरायची. पुढे शिकवायला लागल्यावर माझ्या वह्यांमधल्या या पद्धतीचाच मी सगळ्यात जास्त उपयोग केला. मुलांना मी डाव्या पानांचे मार्क द्यायचे. प्राचार्यांना ते कधीच मान्य नव्हतं.

हर्बेरियमसाठी झाडं वाळवायला जुनी वर्तमानपत्रं लागतात, आणि ती रोज बदलावी लागतात. त्या पावसाळ्यात आम्ही सगळ्यांनी झाडं जी वाळवली ती जाळपोळीच्या बातम्यांमध्ये. एका मैत्रिणीने टाकळ्याची फांदी दाबून ठेवली होती. कागद उचलला तर खाली गावांच्या नावांची यादी. तिने तो कागद फेकला आणि दुसरा घेतला. त्यावरही यादीच होती.

वर्गात बोलणं कठीण झालं होतं. चौऱ्याहत्तरला जी मुलं रुंद रुळांसाठी घोषणा देत होती, त्यांच्यातली बरीचशी आता नामांतराच्या विरोधात पत्रकं वाटत होती. मराठवाड्याची अस्मिता, असं म्हणायची. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली, आम्हा सगळ्यांना आदर वाटेल अशी गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी माणसंही नामांतराच्या विरोधात उभी राहिली, त्यामुळे पोरांना आपण काही चुकीचं करतोय असं वाटण्याचं कारणच उरलं नाही. खेड्यातल्या जाळपोळीचा विषय निघाला की ही मुलं म्हणायची, ते आम्ही नाही केलं. खरंच, त्यांनी नव्हतं केलं. मला त्यांचा राग यायचा तो यासाठी की चौऱ्याहत्तरच्या मोर्च्यात नागसेनवनातली मुलं त्यांच्याच खांद्याला खांदा लावून चालली होती. तेव्हा मराठवाडा सगळ्यांचा होता. चार वर्षांत तो कमी माणसांचा झाला.

माझ्या खोलीतली मुलगी पुन्हा वसतिगृहात आली ती दिवाळीनंतर, आणि तेही सामान न्यायला. मधल्या काळात ती अर्ज लिहीत होती. घर जळालं, बैल गेले, भांडी गेली, दाखले जळाले. तहसीलदारांना, कलेक्टरांना, पुन्हा तहसीलदारांना. लिहिता येणारी माणसं थोडी आणि अर्ज पुष्कळ. शाळा सोडल्याचे दाखलेच जळाले होते, त्यामुळे कित्येक पोरांना पुढच्या वर्गात घेत नव्हते. ती शाळाशाळांतून नकला काढत फिरली. तिचं सत्र गेलं, मग वर्षही गेलं. मी तिला म्हणाले, हाजरीची सवलत मिळेल, फॉर्म तरी भरून ठेव. ती म्हणाली, "बाबासाहेबांनी इथे पन्नास साली कॉलेज काढलं तेव्हा विद्यापीठ होतं का? आठ वर्षांनी आलं. आम्ही थांबू शकतो." मला ते तेव्हा भाषणासारखं वाटलं. तिने कंदील मला ठेवून दिला, कारण तिच्या नव्या ठिकाणी वीज होती.

मी एकोणऐंशीत परीक्षा दिली, लांबलेली. त्याच वर्षाच्या अखेरीला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून नामांतरासाठी लाँग मार्च निघाला तेव्हा मी नोकरीच्या मुलाखती देत होते.

नोकरी लागल्यावर मी काही गोष्टी ठरवून पाळल्या. एक म्हणजे मुलींचे परीक्षा फॉर्म पहिल्या दिवशी भरून घ्यायचे. विलंब शुल्काच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबणाऱ्या मुलीचं नाव मी रोज हजेरीनंतर घ्यायचे, मुली चिडायच्या. फी नसेल तर उसनी देऊन भरायची, पण पावती घरी न्यायची आणि वडिलांच्या हातात द्यायची. पावती हा कागद घरात ठेवला जातो. मार्कशीट मागाहून येते, पावती आधी. दुसरं, कॉलेज बंद पडायची लक्षणं दिसली की प्रॅक्टिकलच्या तारखा लिहून मुलींच्या वडिलांना पोस्टकार्डं टाकायची. "आपल्या पाल्याची उपस्थिती अनिवार्य आहे." तारखा बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेल्या असायच्या. शासकीय भाषा मात्र पक्की. एकदा एका मुलीचे वडील ते कार्ड घेऊन थेट प्राचार्यांकडे आले आणि माझी चौकशी झाली. त्या मुलीने परीक्षा दिली एवढंच मी लेखी खुलाशात लिहिलं.

हे सगळं मुलींसाठी. खेड्यातून आलेल्या दलित मुलांच्या बाबतीत पोस्टकार्डाने भागत नाही, हे मला त्या खोलीतल्या शेजारणीमुळे माहीत होतं. त्यांना घरी जायचा आग्रह करायचा नाही. वसतिगृह बंद करायचा विषय स्टाफ मीटिंगला आला की मी विचारायचे, कुणाकुणाला जायला जागा आहे याची यादी आहे का? पहिल्या वेळी सगळे माझ्याकडे बघत राहिले. यादी करायला रेक्टरांना एक दुपार लागली आणि त्या यादीनंतर वसतिगृहाचा एक मजला उघडा राहिला. दुसऱ्या वेळी मला विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या वेळी नवे प्राचार्य आले होते आणि त्यांनी सगळं बंद केलं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात पुन्हा सगळं तापलं. नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. आमच्या कॉलेजच्या फाटकावर दोन्ही बाजूंची मुलं उभी असायची. त्यातली बरीच माझी, एकाच बेंचवर बसून एकाच सूक्ष्मदर्शकातून बघणारी. मी वर्ग घेत होते, कधी चार मुलांचा, कधी दोन. एका मुलाने मला स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही तास घेता म्हणजे तुम्ही आमच्या विरोधात आहात." दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचा एक आला, तेच वाक्य घेऊन. दोघांनाही मी डावी पानं दाखवायला सांगितली. दोघांचीही कोरी होती.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्ताराची घोषणा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे बाबासाहेबही आले आणि मराठवाडाही राहिला. अठ्ठ्याहत्तरला हेच का सुचलं नाही, असं खूप जण म्हणाले. मला नाही वाटत हा सुचण्याचा प्रश्न होता. तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं असतं की नाव दोन्ही राहील, तरी ती पत्रकं छापली गेलीच असती. सोळा वर्षं, इतकी माणसं आणि इतकी घरं गेल्यानंतरच 'दोन्ही राहू द्या' हे लोकांना मान्य होण्यासारखं वाटू लागलं. त्या दिवशी संक्रांत होती. कॉलेजला सुट्टी, गावात बंदोबस्त. आमच्या पुढच्या गल्लीत पेढे वाटले जात होते आणि मागच्या गल्लीत दारं लावलेली. माझ्या वर्गातल्या दोन मुली, एक या गल्लीतली, एक त्या, दुपारी हर्बेरियमचे कागद मागायला माझ्या घरी आल्या. वर्तमानपत्रं संपली होती, मी त्यांना जुन्या उत्तरपत्रिका दिल्या.

माझी ती खोलीतली शेजारीण पुढे एम.ए. झाली, मग तिने वकिली केली. ऐंशी साली तिला अभ्यासाला मी माझ्या वह्या पाठवल्या होत्या. म्हणजे इतिहासाच्या नव्हेत, वह्या कशा करते ते कळावं म्हणून बुरशीच्या. परत आल्या तेव्हा डाव्या पानांवर लाल शाईने माझ्या इंग्रजी स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केलेल्या होत्या. निवृत्तीनंतर एकदा ती माझ्याकडे राहायला आली. मी बोलता बोलता म्हणाले की त्या दिवसांनी आपल्याला एकट्याने शिकायला शिकवलं.

"तुला शिकवलं," ती म्हणाली. "तुझं वर्ष वाचलं. माझं गेलं."

मी म्हटलं, पण अर्ज लिहिता लिहिताच तू वकील झालीस ना.

"मला इतिहासच शिकवायचा होता," ती म्हणाली. "वकिली मला कधी आवडली नाही. चांगली केली, ते वेगळं." मग तिने विचारलं की आता विद्यापीठात इतिहासाचा अभ्यासक्रम काय आहे, विकास आंदोलन त्यात आहे का, नामांतर आहे का, आणि असेल तर कोणत्या पेपरात, किती मार्कांना. मला सांगता आलं नाही. शेजारच्या घरातला मुलगा तेव्हा बी.ए.ला होता. तिने त्याला हाक मारली, सिलॅबस आणायला लावला आणि रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून पेन्सिलीने त्याच्यावर खुणा करत बसली. कुठे काय वाढवायला हवं याची तिने एक यादी केली आणि मुलाला विचारलं, "बोर्ड ऑफ स्टडीजवर सध्या कोण आहेत रे? त्यांना अर्ज करायचा आहे."